सतरा मिलीमीटरचा मान

प्रमोदतात्या उतळ्यांना या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधी मोजून घेतलेलं बरं. म्हणजे पुढे त्यांनी जे केलं तो नुसता वेडेपणा वाटणार नाही. एक म्हणजे जुन्नर तालुक्यातल्या गोठ्यागोठ्यातल्या कोनाड्यात जी बाटली उभी राहणार होती, तिच्यावर ‘उतळे’ हे नाव. दुसरं, आंबेमाचीत अर्ककेंद्र, म्हणजे गावातल्या पंधरावीस पोरापोरींना डोंगर न उतरता काम. आणि ते तात्यांमुळे, हे त्या पोरापोरींच्या आईबापांना रोज आठवणार. तिसरं तात्या कोणाला सांगत नसत. त्यांच्या विहीणबाईंना, रत्नाबाई केदारींना, रोज सकाळी धार काढली की ती ‘उतळे’ लिहिलेली बाटली हातात घ्यावी लागणार होती. पहिली दोन हुकली असती तरी या तिसऱ्यासाठी तात्या नाणेघाट दोनदा चढून उतरले असते.

विहीणबाईंचा गुन्हा सहा वर्षांपूर्वीचा. तात्यांच्या निखिलचं रत्नाबाईंच्या पल्लवीशी लग्न लागलं, मांडवात मानाच्या टॉवेल-टोप्या वाटल्या गेल्या. वाजंत्र्यांना मिळाली, मांडववाल्याला मिळाली, जनरेटरवाल्याला तर दोनदा मिळाली. नवऱ्या मुलाचा बाप तेवढा बोडक्या डोक्याने उभा राहिला. मोजण्यात चूक झाली, असं रत्नाबाईंकडून सांगण्यात आलं. जिलब्या मोजण्यात चूक होते, व्याही मोजण्यात होत नाही, असं तात्यांकडून कळवण्यात आलं. तेव्हापासून तात्यांनी त्यांच्या घरचं पाणी सोडलं होतं. घर ओढ्यापलीकडे, चालत चार मिनिटांवर.

आता दगडीविषयी. म्हशीच्या कासेत जंतू शिरतात, कास दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात. त्याला गावात दगडी म्हणतात. तात्यांच्या तरुणपणी यावर इंजेक्शन होतं. ते इतकं मारलं गेलं, कामाला आणि बिनकामाला, की जंतूंना त्याची सवय झाली. इंजेक्शन दिलं की जंतूंचे कच्चे गडी मरायचे आणि पक्के मागे उरायचे. पुढची सगळी पिढी त्या पक्क्यांची. वीस वर्षांत औषधं संपली, जंतू राहिले. त्यातच दूधसंघाने नियम केला की दुधात प्रतिजैविकाचा अंशही दिसला तर अख्खा टँकर परत. मग सगळ्यांना झाडपाला आठवला. झाडांनाही जंतू लागतातच, आणि झाडाला पळून जाता येत नाही. त्यामुळे त्यांनी लाखो वर्षं खपून आपापली रसायनं तयार करून ठेवली आहेत. पण कोणत्या झाडाचं कोणत्या जंतूवर चालतं, हे कोण सांगणार?

ते सांगायला मशीन आलं. दूधसंघाच्या पशुवैद्य डॉ. फरीदा इनामदार ते जीपमधून घेऊन आल्या आणि डेअरीत फॅटच्या मशीनशेजारी ठेवलं. आकाराने पानाच्या डब्याएवढं.

“पूर्वी काय करायचे,” डॉक्टरबाईंनी जमलेल्या लोकांना सांगितलं, “एका बशीत जंतूंची पेरणी करायची. वर मधोमध अर्काचा थेंब ठेवायचा आणि रात्रभर थांबायचं. सकाळी बशीभर जंतू उगवलेले दिसायचे. पण अर्कात दम असेल तर थेंबाभोवती मोकळं वलय राहायचं, जिथं काहीच उगवलं नाही. वलय जेवढं मोठं तेवढा अर्क जोरदार. हे मशीन तेच करतं, फक्त रात्रभर थांबत नाही. यातला डोळा एकेका जंतूवर नजर ठेवतो, तो दुभंगायच्या तयारीत आहे की नाही हे बघतो, आणि चाळीस मिनिटांत सांगतो की सकाळपर्यंत किती मिलीमीटरचं वलय पडलं असतं. बाराच्या वर आलं तर अर्क जनावरावर वापरून बघायला परवानगी.”

“म्हणजे फॅटसारखंच,” राहुलआबा भालचिम म्हणाले. (गावातल्या म्हाताऱ्यांची नावं आता राहुल, अमोल आणि स्वप्नील अशी होती.)

“फॅटसारखं नाही, आबा.”

“पण चिठ्ठी निघते ना?”

“चिठ्ठी निघते.”

“मग फॅटसारखंच.”

डॉक्टरबाईंनी इथे वाद सोडून दिला. तो सोडायला नको होता, हे पुढे कळेलच.

मशीन चालवायला पल्लवीला नेमलं, कारण फॅटचं मशीन तीच चालवत होती. पहिल्या आठवड्यात उतळ्यांचा हिरड्याचा काढा लागला. तो तात्यांच्या आज्यापासून चालत आलेला. बाळहिरडा कुटायचा, मडक्यात तीन दिवस भिजवायचा, आटवायचा, गाळायचा. चिठ्ठी आली, सतरा मिलीमीटर. दुसऱ्या दिवशी रत्नाबाईंनी माहेराहून आणलेला कुड्याच्या सालीचा काढा बाटलीत घालून पाठवला. सोळा.

एक मिलीमीटर. तात्यांनी त्या संध्याकाळी ओढ्याच्या कडेने तीन फेऱ्या मारल्या, त्यातल्या दोन रत्नाबाईंच्या अंगणासमोरून.

रत्नाबाईंनी अंगणातूनच शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, “एक मिलीमीटर म्हणजे गं केवढा? मुंगीच्या डोक्याएवढा? बरंय. कोणाकडे का होईना, तेवढं तरी डोकं जास्त आहे म्हणायचं.”

मग सगळ्या गावालाच मिलीमीटर चढले. ज्याच्या घरात जे काही कुटलं, उकळलं, गाळलं जात होतं ते डेअरीवर येऊ लागलं. सकाळी एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातात बाटली. “वलय किती लागलं?” हा प्रश्न “जेवलास का?” इतका सरसकट झाला. निर्गुडी अकरावर अडकली आणि तिच्या मालकाने मशीनला शिव्या दिल्या. अमोलआप्पांच्या घरचं चार पिढ्यांचं गुप्त तेल शून्य निघालं. आप्पांच्या आईने बाटली डेअरीवर नेणाऱ्या नातवाशी पंधरा दिवस बोलणं टाकलं. पारुंड्याकडून आलेल्या पाहुण्यांनी मुलगी बघताना, स्वयंपाक येतो का, हे विचारायच्या आधी घरचा काढा कितीचा आहे, हे विचारलं. मुलीकडच्यांनी चिठ्ठी फ्रेम करून ठेवली होती.

“शून्य आलं म्हणजे खोटं नाही हो,” डॉक्टरबाई प्रत्येक फेरीत सांगून दमल्या. “मशीनला एकच प्रश्न कळतो. जंतू थांबले का नाही. आजीचं तेल सांध्याला बरं वाटायला असेल, तर त्यात मशीनला काय कळणार?”

कोणी ऐकलं नाही. आकडा छापून आला की माणसाला तोंडी बोलणं खोटं वाटतं.

मार्गशीर्षात दूधसंघाचं पत्र आलं. ज्या गावाचा अर्क पंचविसाच्या वर जाईल तिथं केंद्र, आणि बाटलीवर ज्याचा अर्क त्याचं नाव. चाचणी पौर्णिमेनंतरच्या सोमवारी, सर्वांसमक्ष. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका गावाचा अर्क आताच बावीसवर होता.

सतराचे पंचवीस कसे करायचे? तात्या तीस वर्षं डेअरीचे सचिव होते, त्यामुळे उत्तर त्यांना बशीतला चहा संपायच्या आत सुचलं. गाईच्या दुधाला फॅट कमी लागते. त्यात म्हशीचं मिसळलं की वाढते. हे आंबेमाचीत शाळेत जायच्या आधीच कळतं. मग सतराच्या काढ्यात सोळाचा काढा घातला तर? तेहतीस नाही म्हणता येणार, पण अठ्ठावीसला काय धाड भरली होती?

अडचण एकच. सोळाचा काढा ओढ्यापलीकडे होता.

“पल्लवी,” तात्या म्हणाले, “तुझ्या आईकडनं कुड्याच्या काढ्याची एक बाटली आण. चंद्रीला दगडी झालीय.”

पल्लवीने गोठ्यात डोकावून पाहिलं. चंद्री म्हैस डोळे मिटून निवांत रवंथ करत होती. “मामा, चंद्री ठणठणीत आहे.”

“होईल.”

“आणि आपल्याकडे सतराचा काढा असताना सोळाचा कशाला?”

“सून आहेस का वकील?”

पल्लवी आईकडे गेली. तिने तोंड उघडायच्या आतच रत्नाबाई म्हणाल्या, “बरी आलीस. तुझ्या सासऱ्याचं ते तुरट पाणी थोडं मिळेल का? केसांना लावायचंय.”

“आई, तू केसांना कधी शिकेकाईपलीकडे काही लावलंस?”

“आता लावते. वय झालं.”

पल्लवीने दोन्हीकडच्या बाटल्या दोन्हीकडे पोचवल्या आणि कोणालाच काही विचारलं नाही. एक मात्र केलं. डेअरीत वाद निघाला तर दाखवायला प्रत्येकाच्या दुधाचा नमुना बाजूला काढून ठेवायची पद्धत आहे. तिने दोन्ही काढ्यांचे दोन नमुने काढले, नाव घातलं, फ्रिजमध्ये ठेवले. सवयच तशी.

तात्यांच्या शब्दाला कधी नव्हे ते यश आलं. चाचणीच्या चार दिवस आधी चंद्रीला खरोखरच दगडी झाली. मागचं डावं सड सुजलं, दुधात गाठी आल्या, ती वैरणीला तोंड लावेना. पल्लवीने तिच्या दुधातला जंतू मशीनला लावला आणि कपाटातली इंजेक्शनं एकेक करून त्यावर चालवून पाहिली. तिन्हींना शून्य. दहा दिवसांत सूज उतरली नाही तर ते सड कायमचं जाणार. ही म्हैस तात्यांनी आपल्या हाताने चमच्याने दूध पाजून वाढवली होती. तिची आई ती तीन दिवसांची असताना गेली. निखिल लहानपणी इतका लाडावला नव्हता, असं निखिलच म्हणायचा.

“मामा, लेप लावताय ना?”

“लावतोय की. दोन वेळा.”

काय लावतोय, ते तात्यांनी सांगितलं नाही. सतराचा होता, सोळाचा होता. आणि दोन्ही मिसळून घरात तिसरा तयार होता, अठ्ठावीसचा. लाडक्या जनावराला कोण कमीचं लावील? चार दिवस तात्यांनी चंद्रीच्या कासेला मिश्रण चोळलं. ती आधी पाय झाडायची. मग तेही थांबलं. कासेला हात लावला तरी नुसती उभी राहायची.

सोमवारी डेअरीसमोर सगळं गाव. दूधसंघाचे दोन साहेब, डॉक्टरबाई, आणि मशीनशी पल्लवी. चाचणीला चंद्रीचाच जंतू घेतला होता, कारण तालुक्यात त्याच्याइतका निबर दुसरा नव्हता. तात्यांनी बाटली टेबलावर ठेवली. पलीकडून रत्नाबाई आल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत, त्यांनीही ठेवली. दोन्ही बाटल्यांतलं पाणी गढूळ होतं आणि दोन्हींच्या तळाशी बोटभर गाळ बसला होता. पल्लवीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं आणि थेंब ठेवले.

चाळीस मिनिटं गावाने चहा आणि भाकितं केली. मग चिठ्ठ्या निघाल्या.

“उतळे,” पल्लवीने वाचलं. “शून्य.”

कोणीतरी खोकलं.

“केदारी. शून्य.”

“मशीन बिघडलं,” तात्या म्हणाले.

“बिघडलंच,” रत्नाबाई म्हणाल्या. सहा वर्षांत दोघांचं प्रथमच एकमत झालं.

डॉक्टरबाईंनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या, हलवल्या, वास घेतला. मग चष्मा वर केला. “तात्या, यात कुडा आहे.”

“असेल थोडा.”

“आणि रत्नाबाई, यात हिरडा आहे.”

रत्नाबाईंनी पदर आणखी सारखा केला.

गावाला समजायला दोन क्षण लागले आणि हसू आवरायला दहा मिनिटं. राहुलआबा तर खुर्चीवरून उठून भिंतीला टेकून हसले. त्यांना म्हणे बसून पुरेना.

“हसू नका, समजून घ्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हिरड्यात टॅनिन असतं, त्यानेच तो तुरट लागतो. टॅनिनचा स्वभाव चिकट, जे दिसेल त्याला मिठी मारतं. जंतूच्या अंगाला चिकटतं, म्हणून तो मरतो. कुड्याचा जोर त्याच्या कडू द्रव्यात, अल्कलॉइडमध्ये. दोन्ही एका बाटलीत घातली की टॅनिन जंतूपर्यंत जातच नाही, जवळच्या अल्कलॉइडलाच मिठी मारून बसतं. मग दोघंही तळाशी. हा गाळ बघा. जंतूंना मारायला वर उरलं ते नुसतं पाणी. दूध मिसळल्यावर फॅट वाढते, तात्या. औषधं मिसळली की कधी वाढतात, कधी एकमेकांना खातात.”

तात्या हसत नव्हते आणि रागावलेही नव्हते. त्यांचा चेहरा उतरला होता, पण लाजेने उतरतो तसा नव्हे.

“डॉक्टरबाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “चार दिवस मी चंद्रीला हेच लावतोय.”

हसणं थांबलं.

“म्हणजे चार दिवस तिला काहीच औषध नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पाय झाडते का?”

“नाही झाडत. दोन दिवस झाले.”

“कास बधिर व्हायला लागली असेल. अजून पाचसहा दिवस आहेत हातात. पण लावायचं काय? सतरावर अवघड आहे, सूज आतपर्यंत गेलीय.”

तेव्हा पल्लवी उठली, फ्रिजकडे गेली आणि दोन छोट्या बाटल्या घेऊन आली. दोन्ही नितळ. “हे दोघांचे मूळ नमुने. मी काढून ठेवले होते.” ती डॉक्टरबाईंकडे वळली. “एकत्र नको, तर एकामागून एक लावता येतील का? दूध कसं दोन वेळचं असतं, सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं. आधी मामांचा. मग धुऊन काढायचा. मग आईचा.”

डॉक्टरबाईंनी मशीनकडे बोट केलं. “पाळी लावून. लाव.”

या वेळी चहा कोणी प्यायला नाही. दोन पाळ्यांची चाचणी, त्यामुळे ऐंशी मिनिटं लागली, आणि तात्या ती सगळी गोठ्याकडे तोंड करून उभे होते. चिठ्ठी निघाली.

“सव्वीस.”

“हिरड्याने जंतूचं कवच फाटलं,” डॉक्टरबाईंनी साहेबांना सांगितलं, “आणि तो सावरायच्या आत कुडा आत शिरला. पण बशी वेगळी आणि म्हैस वेगळी. चंद्री बरी झाली तर मी सही करीन.”

म्हणजे सगळं येऊन चंद्रीवर थांबलं. केंद्र, बाटली, नाव, आणि चंद्रीचं सड.

सकाळी तात्या हिरड्याच्या काढ्याने कास धुणार. दुपारी कोमट पाण्याने स्वच्छ. संध्याकाळी कुड्याचा लेप. तात्या लगेच म्हणाले, “मी घेऊन येईन कुडा, पल्लवी लावील.”

“पल्लवी संध्याकाळी डेअरीवर,” पल्लवी म्हणाली. “तुम्हीच लावा.”

“दाखवा हात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. तात्यांचे हात मनगटापर्यंत काळे होते. हिरडा कुटणाऱ्याचे असतात तसे, साबणाने न जाणारे. “या हातांनी कुडा लावलात तर पुन्हा गाळच. ज्याचा कुडा त्यानेच लावायचा.”

म्हणून त्या संध्याकाळी रत्नाबाई वाटीत लेप घेऊन ओढा ओलांडून आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. कोणी कोणाला या म्हणालं नाही. तात्यांनी चंद्रीची मान धरली, रत्नाबाईंनी कास.

दुसऱ्या दिवशी तात्या म्हणाले, “जरा वरपर्यंत लावा.”

“मला शिकवू नका.”

तिसऱ्या दिवशी रत्नाबाई म्हणाल्या, “चमच्याने वाढवलीत म्हणे हिला.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“ओढ्यापलीकडे ऐकू येतं. तुम्ही तिच्याशी बोलता तेवढ्या मोठ्याने माणसांशी बोलत नाही.”

चौथ्या दिवशी गाठी कमी झाल्या. पाचव्या संध्याकाळी रत्नाबाईंनी सडाला हात लावला मात्र, चंद्रीने कान मागे टाकले आणि मागचा डावा पाय असा काही झाडला की रत्नाबाई शिताफीने बाजूला झाल्या आणि नेमके त्याच वेळी वाकून बघायला आलेले तात्या शेणात बसले, गुडघा धरून.

“झाडला,” तात्या म्हणाले. वेदनेने डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. “विहीणबाई, पाय झाडला हिने. लागतंय तिला.”

“तुम्हाला लागलंय.”

“तिला लागतंय. बरी झाली.”

रत्नाबाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं, पल्लवीच्या चुलीवर वीट तापत ठेवली आणि, थांबा, म्हणून घरी गेल्या. परत आल्या तेव्हा हातात एक टॉवेल होता. पांढरा, लाल काठाचा, घड्या पिवळ्या पडलेला. त्यांनी वीट त्यात गुंडाळली आणि तात्यांच्या गुडघ्यावर ठेवली.

“हा कुठला?” तात्यांनी विचारलं, जरी त्यांना काठावरून कळलं होतं.

“तुमचाच. टोपलीच्या तळाशी राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन निघाले, तर ओढ्यावरच कळलं की तुम्ही आमचं पाणी सोडलंय. मग काय, ट्रंकेत.”

“आणि टोपी?”

“टोपीला कसर लागली.”

तात्यांनी गुडघ्यावरची वीट सारखी केली. मग म्हणाले, “पल्लवी, चहा टाक. दोन कप. नको, राहू दे. उद्या मीच जातो तिकडे प्यायला.”

“गुडघा?” पल्लवीने विचारलं.

“चार मिनिटांचं अंतर आहे. उद्या आठ लागतील.”

डॉक्टरबाईंची सही पुढच्या आठवड्यात झाली. आता शेवटचा जमाखर्च. आंबेमाचीला केंद्र मिळालं, पल्लवीला त्याच्या किल्ल्या. तात्यांना बाटली मिळाली, पण अर्धी. एकाला एक जोडलेल्या दोन बाटल्या निघतात, पांढऱ्या झाकणावर ‘सकाळ, उतळे’, काळ्यावर ‘संध्याकाळ, केदारी’. दोन्हींवर ठळक अक्षरात, एकत्र करू नयेत. रत्नाबाईंना रोज सकाळी तात्यांचं नाव हातात घ्यावं लागतं, तात्यांना रोज संध्याकाळी रत्नाबाईंचं. चंद्रीची चारी सडं शाबूत. या सगळ्याची किंमत भरली कोणी, म्हणाल तर तात्यांच्या उजव्या गुडघ्याने एकट्याने. तो अजून थंडीत ठणकतो, आणि थंडी पडली की त्याच्यावर तो लाल काठाचा टॉवेल असतो.